बासचा उतारा

ऊस कराडच्या माणसाला शिकवावा लागत नाही. एकरी किती टन निघाला ही एक गोष्ट आणि त्यातून साखर किती उतरली ही दुसरी, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. एफआरपी उताऱ्यावर ठरते, त्यामुळे कारखाना कृष्णा असो की सह्याद्री, पारावरची चर्चा टनावर सुरू झाली तरी उताऱ्यावर येऊनच थांबते. हाच चाणाक्ष माणूस दिवाळीच्या तोंडावर सबवूफर घ्यायला दुकानात शिरला, की त्याचं शहाणपण चपलांबरोबर पायरीवर राहतं. तो विचारतो, ‘किती वॅटचा?’ मग विचारतो, ‘वूफर किती इंची?’ आणि शेवटचा, निकालाचा प्रश्न टाकतो, ‘दणका बसतोय न्हवं?’ दुकानदार बोलत नाही, नुसतं बटण फिरवतो. काउंटरची काच थरथरते, वरच्या फळीवरचं रिकामं खोकं खाली येतं आणि सौदा पक्का होतो. घरी नेल्यावर यातलं आपल्या कानापर्यंत काय पोचणार, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की बासही टनावर घेऊ नये, उताऱ्यावर घ्यावा. आणि हा उतारा कंपनीच्या कारखान्यात ठरत नाही, तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ठरतो.

आधी एका सोवळ्या आक्षेपाची वासलात लावू. बासची आवड म्हणजे मिरवणुकीतली आवड, सुसंस्कृत माणसाने बासरी ऐकावी, असं मानणारा एक वर्ग आहे. पुरावा त्याच्या बाजूने नाही. हरमन कंपनीतले संशोधक शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले आणि पसंती विचारली, तेव्हा स्पीकर आवडण्या-नावडण्यात खालच्या सुरांचा वाटा सुमारे 30 टक्के निघाला. आपल्या भागाला तर हे कोणी सांगायचीही गरज नव्हती. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला मिरजेचा तानपुरा घ्या. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकामागे त्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झवर बोलते, आणि त्यासाठी ना प्लग लागतो ना रिमोट. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात ती याच खालच्या सुरासाठी. कणीक जास्त झाली की आवाज बद्द होतो, कमी पडली की पोकळ वाटतो. म्हणून पखवाजी चिमूटभर लावतो, थाप मारून ऐकतो, चिमूटभर काढतो. आपल्या चर्मवाद्यांवर मध्यभागी थर चढवून सूर कसे जुळवले जातात, याचं कोडं सी. व्ही. रामन यांना इतकं मोलाचं वाटलं की 1920 मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये त्यावर लिहिलं. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांचे फड गाजले तेही ढोलकीच्या घुमाऱ्यावरच. तेव्हा बास मागण्यात गैर काही नाही. फक्त आपल्या जुन्या कारागिरांनी बास लावला, आणि आपण तो वाढवतो.

आता वॅटकडे येऊ, कारण ग्राहकाचा सगळा जीव तिथे अडकलेला असतो. आपल्या पट्ट्यातल्या उसाचा उतारा बारा टक्क्यांच्या आसपास जातो आणि आपण त्याचा अभिमान बाळगतो. घरगुती स्पीकरचा उतारा, म्हणजे आत गेलेल्या विजेपैकी आवाज होऊन बाहेर पडणारी वीज, बहुतेक वेळा एक टक्काही नसतो. उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांची उष्णता होते. एवढा उतारा देणारा साखर कारखाना असता तर वार्षिक सभेत अध्यक्षांना मागच्या दाराने जावं लागलं असतं. स्पीकर मात्र सन्मानाने टीव्हीशेजारी बसतो. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल, म्हणजे शेजारी विचारलं तर ‘हो, थोडा वाढल्यासारखा वाटतोय’ इतका. कानाला दुप्पट वाटायचा असेल तर सुमारे 10 डेसिबल वाढावे लागतात, आणि त्याला दहापट वॅट लागतात. त्यातून एकेकाळी टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर पीएमपीओ नावाचा आकडा छापला जायचा. तो मोजायची कोणतीच सर्वमान्य पद्धत नव्हती, त्यामुळे छपाईच्या शाईखेरीज त्याला कसलीच मर्यादा नव्हती. हातात मावणाऱ्या टेपवर हजार वॅट लिहिलेले असत आणि तो चार सेलवर चालत असे. आज निदान आरएमएस नावाचा थोडा प्रामाणिक आकडा असतो. पण तो वाचायला खोकं उलटं करावं लागतं, आणि ग्राहकाला तेवढा वेळ नसतो.

वॅटच्या जोडीला दुसरी अडचण म्हणजे खालचा सूर काढणं हेच मुळात कष्टाचं काम आहे. 80 हर्ट्झचा सूर जेवढ्या जोरात वाजतो तेवढ्याच जोरात 40 हर्ट्झचा वाजवायचा, तर त्याच वूफरच्या पडद्याला चौपट मागे-पुढे हलावं लागतं. 20 हर्ट्झला सोळापट. म्हणून ध्वनी-अभियंत्यांत एक नियम जुना आहे: लहान खोकं, खोल बास आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम जगात कुणी मोडलेला नाही. मलकापूरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थाला मात्र सोफ्याखाली मावणारा, जमीन हलवणारा आणि वीजबिल न वाढवणारा सबवूफर हवा असतो, शिवाय बैठकीच्या रंगाला शोभणारा.

आता कोणी म्हणेल, मग उसाच्या ट्रॅक्टरवर दणका कसा बसतो? प्रश्न रास्त आहे. हंगामात दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर डोळ्यांना दिसायच्या आधी छातीला कळतो. पण तो उघड्यावर असतो. त्याच्या आवाजाला ना भिंत ना छप्पर. निघालेली लाट शेतावरून निघून जाते, परत येत नाही. तिथे बास कमावायला खरंच वॅट लागतात, कारण मदतीला कोणी नसतं. घरात उलटं असतं. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर धावतो, म्हणून 40 हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटरची होते. ही लाट बारा फुटांच्या खोलीत मावतच नाही. ती समोरच्या भिंतीवर आदळते, मागे फिरते, पुन्हा आदळते आणि काही ठरावीक सूर त्या येण्याजाण्यात फुगतात. बारा फूट लांबीला हा सूर निघतो सुमारे 47 हर्ट्झ, दहा फूट रुंदीला 56. स्लॅबही दहा फुटांवर असेल तर तो पुन्हा 56वरच जोर देतो. म्हणजे खोली स्वतःहून फुकट बास देते, पण तिच्या मर्जीच्या सुरांचाच देते. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या घरांत त्यातला बराचसा भिंतीतून निसटून जातो. आपल्या विटा आणि आरसीसी तो सहजासहजी सोडत नाहीत. त्यामुळे तिकडचे जाणकार जेवढा मोठा सबवूफर घ्या म्हणतात, तेवढा आपल्याला बहुधा लागतच नाही. ट्रॅक्टरसाठी योग्य असलेला हिशेब हॉलमध्ये आणला, की दणका मिळत नाही, गुरगुर मिळते.

या गुरगुरीचा आणखी एक उपद्रव म्हणजे ती घरात सारखी वाटली जात नाही. फुगलेला सूर भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा असतो. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकवायचा, हा तर वास्तुशास्त्राच्याही आधीचा नियम. तेव्हा सोफ्यावरच्या माणसाला बास डोक्यात बसतो आणि मध्ये खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांना तो ऐकूच येत नाही. आजोबा म्हणतात, ‘आवाज वाढीव की जरा.’ सोफ्यावरून सूनबाई म्हणतात, ‘कमी करा हो, डोकं उठलं.’ दोघंही खरं बोलत असतात. अशा वेळी पिढ्यांमधल्या अंतराबद्दल बोलण्यापेक्षा खुर्ची दोन फूट सरकवली तर घरात शांतता नांदेल. मालक मात्र बटण वाढवतो. त्याने आजोबांचं समाधान होत नाही, कारण मध्यावरची पोकळी कितीही वॅट ओतले तरी भरत नाही. सोफ्यावरचा त्रास तेवढा वाढतो.

एकच सूर फुगणं म्हणजे चांगला बास नव्हे, हे पटत नसेल तर माठाचा प्रयोग आठवावा. टेपरेकॉर्डरच्या जमान्यात गावोगावी मातीच्या माठाच्या तोंडावर स्पीकर उपडा ठेवून बास काढला जाई. बास निघायचाही. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1863 च्या ग्रंथात ज्या पोकळ भांड्यांचा विचार मांडला, त्यांच्याच कुळातला हा माठ. त्याच्या पोटातली हवा एका ठरावीक सुराला डोलते. म्हणून माठावर लावणी लावा, भजन लावा की भाषण लावा, खालून हुंकार एकाच सुरात यायचा. माठाचं वाजणं ऐकू यायचं, गाण्यातलं वाजणं त्यात बुडायचं. आजचा महागडा सबवूफर कोपऱ्यात कोंबला की नेमकं हेच होतं. तपासणी सोपी आहे. डीजेचं गाणं लावून पाहू नका. त्यात एकच धप्प असते आणि ती सगळीकडे सारखीच वाजते. चांगला तबला लावा. डग्ग्यावर तळहात सरकवून वादक सूर खाली-वर नेतो. ती चाल स्पष्ट ऐकू आली तर तुमचा बास चांगला. सगळ्या ठिकाणी एकच ‘घुम्’ ऐकू आला तर तुम्ही माठ घेतला आहे, फक्त त्याला वॉरंटी आहे.

मग सबवूफर ठेवायचा कुठे? प्रत्यक्षात त्याची जागा ध्वनिशास्त्र ठरवत नाही, प्लगपॉइंट ठरवतो. प्लग सापडेल त्या कोपऱ्यात तो जातो, तिथे त्याच्यावर क्रोशाचं कापड पडतं, कापडावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी येते, आणि वर्षभरात तो सबवूफर होता हे घर विसरतं. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून आवाज वाढवतात हे खरं. पण खोलीचे सगळे लहरी सूरही तिथूनच एकदम जागे होतात. याला उपाय आहे आणि तो जगभर वापरला जातो. सबवूफर उचलून आपण बसतो त्या जागी, चक्क सोफ्यावर ठेवायचा. बासची चांगली चाल असलेलं गाणं लावायचं आणि भिंतीच्या कडेकडेने कान जमिनीजवळ नेत रांगत जायचं. ज्या जागी बास भरीव पण स्वच्छ ऐकू येईल ती सबवूफरची जागा. आवाज देणारा आणि घेणारा यांच्या जागांची अदलाबदल केली तरी मधला हिशेब बदलत नाही, या नियमावर हा उपाय उभा आहे. अडचण फक्त प्रतिष्ठेची आहे. घरचा कर्ता पुरुष चार पायांवर रांगतोय आणि सोफ्यावर खोकं बसलंय, हे दृश्य पाहुण्यांना समजावून सांगणं कठीण. पण दार लावून घेतलं तर दहा मिनिटांचं काम आहे, आणि पोरं रांगताना ज्यांना कौतुक वाटतं त्यांनी मोठ्या माणसालाही एकदा माफ करावं.

जागा सापडली की मागची बटणं. त्यांतलं एक बटण सबवूफरने कोणत्या सुराखालचं काम घ्यायचं ते ठरवतं. ते 80 हर्ट्झच्या आसपास ठेवावं, कारण त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही. त्याहून बरंच वर नेलं की गाणारा माणूस समोर आणि त्याचं पोट कोपऱ्यात, अशी अवस्था होते. दुसरं फेजचं बटण, ज्याला सहसा कोणी हात लावत नाही. ते दोन्ही बाजूंना करून पाहावं आणि ज्या बाजूला बास भरून येतो तिथे सोडून द्यावं. राहिला आवाजाचा गोल खुंटा. तो ‘सबवूफर चालू आहे’ हे कळेपर्यंत वाढवावा आणि मग ते कळेनासं होईपर्यंत कमी करावा. याने पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, पण सबवूफर बंद केल्यावर गाणं एकदम पोरकं वाटलं, की समजावं पैसे वसूल झाले. बजेट असेलच तर एका मोठ्याऐवजी दोन लहान घ्यावेत. हरमनच्याच टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये दाखवून दिलं, की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर खोलीभर बास बराच सारखा वाटतात. म्हणजे आजोबा आणि सूनबाई यांच्यात समेट शक्य आहे.

काही हुशार मंडळी इथे हरकत घेतात. एक म्हणतो, अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवतो, पडदे जाड लावतो. ट्रेचा आणि पडद्याचा बासशी काडीचा संबंध नाही. 50 हर्ट्झची लाट मऊ भरावाने नीट शोषायची तर तो भिंतीपासून जवळपास पावणेदोन मीटर जाड लागतो. एवढं केल्यावर खोलीत माणूस उरत नाही. दुसरा म्हणतो, मोबाइलवरच्या अॅपने सगळं सरळ करतो. अॅप फुगलेला सूर खाली दाबू शकतं, आणि ते करावंही; पण बुडालेला सूर त्याला वर काढता येत नाही. तिसरा म्हणतो, आवाज हळू ठेवला की बास जातोच, मग मोठाच लावावा लागतो. याचं म्हणणं सर्वांत खरं आहे. कान खालच्या सुरांना मंद आहे, आणि आवाज जितका हळू तितका जास्त मंद, हे बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये आलेखांनी मांडलं. म्हणून तर जुन्या अँप्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असे, हळू आवाजातही बास तेवढा उचलून धरणारं. तुमच्या यंत्रात असेल तर रात्री तेच दाबा, खुंट्याला हात लावू नका. चौथा काहीच म्हणत नाही, फक्त छातीवर हात ठेवतो: ‘हितं लागला पायजे.’ त्यालाही उत्तर आहे. मैदानात ढोल छातीला लागतो, कारण टिपरू पडतं तेव्हा आवाज एकदम येतो आणि एकदम जातो. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो. टाइल्स आणि सिमेंटच्या उघड्या खोलीत आधीचा ठोका तेवढ्यात विझला नाही, तर पुढचा त्याच्यावरच चढतो आणि छातीला लागायला काही टोकदार उरतच नाही. दणका हवा असेल तर आधी थांबणारा बास हवा.

शेवटी शेजारी. विनोदी लेखात त्याला शेवटी आणावं लागतं, एरवी तो पहिल्याच मिनिटाला येतो. भिंत उंच सूर अडवते; सूर जितका खाली तितकी ती दुबळी. त्यामुळे गाणं तुमच्याकडे राहतं आणि बास त्याच्याकडे जातो. सूर नाही, शब्द नाही, फक्त धप्प धप्प. आणि त्यात बास भिंतीशीच फुगलेला असतो, म्हणजे तुमच्या सबवूफरचा खरा उतारा अनेकदा शेजाऱ्यालाच पडतो. कायद्याकडे बोट दाखवून सुटका नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालतात, पण हे डेसिबल ‘ए’ मापाचे. ते माप कानाच्या मंदपणाची सूट देतं आणि 50 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 30 डेसिबल वजा करतं. म्हणजे 75 डेसिबलचा घुमारा कागदावर 45 होतो आणि मध्यरात्रीही नियमात बसतो. शेजारी त्या मापाने झोपत नाही. शिवाय कोयनेच्या शेजारी राहणाऱ्यांची अडचण वेगळीच आहे. इथे मांडणीतली भांडी वाजली, शोकेसमधली ढाल डुलली, लोखंडी कपाटाचं दार थरथरलं, की माणूस दोन शक्यता तपासतो: धक्का बसला, का वरच्या मजल्यावर नवा सबवूफर बसला. निदान ही शंका तरी लोकांच्या मनात आणू नये.

तेव्हा निकाल असा. वॅट आणि इंच हे टन आहेत. त्यांची फुशारकी ट्रॅक्टरवाल्याने मारावी, त्याला ती शोभते. घरात बास तीन गोष्टींनी येतो: खोक्याची जागा, बसण्याची जागा आणि खुंट्यावरचा संयम. तिन्हींना पैसे पडत नाहीत, म्हणूनच त्या कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. यंदा बोनसच्या पैशांतून मोठा सबवूफर घ्यायचा बेत असेल, तर त्याआधी जुन्यावरची फुलदाणी उतरवा, कापड झटका आणि तो कोपऱ्यातून दोन फूट बाहेर सरकवून बघा. सरकवण्यावर अजून जीएसटी लागलेला नाही.